गावचे घर आणि सात-बारावरचे नाव

मुंबईतली खोली विकावी आणि गावी घर घ्यावे, हा विषय कोकणी मुसलमानांच्या घरात दर चार-दोन वर्षांनी निघतोच. ईदला सगळे भाऊ एकत्र येतात, जेवणे होतात, चहाचे कप फिरतात आणि कुणीतरी म्हणतो, "मुंबईत आता काय राहिलंय? गावाला जाऊ. थोडी जागा घेऊ, चार खोल्या बांधू, निवांत राहू." मग चिऱ्याचा भाव निघतो, पाण्याची सोय निघते, मुलांच्या शाळेचा प्रश्न निघतो आणि विषय तिथेच थांबतो.

आमच्या घरी एकदा हा विषय असाच रंगला असताना फुफी मध्येच बोलली. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती आलीच. चाळीस वर्षे गावचे घर तिने राखले. पावसाळ्याआधी कौले परतवून घेणे, विहिरीचा उपसा, भाताची मळणी, कुणाच्या मयतीला जाणे, कुणाच्या निकाहाला ओटी मोकळी करून देणे, हे सगळे तिनेच केले. ती म्हणाली, "गावाला जाऊ म्हणता, चांगली गोष्ट आहे. पण ते घर आहे कुणाच्या नावावर?"

कुणी काही बोलले नाही. सात-बारावर आजोबांच्या पश्चात वडिलांचे आणि त्यांच्या दोन भावांचे नाव होते. फुफीचे नाव नव्हते. १९७८ साली तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. तिला वाचता येत होते, सहीही येत होती. पण त्या दिवशी तिच्यापुढे शाईचा पॅडच ठेवला गेला.

तिच्या त्या एका प्रश्नाने मला जुन्या कागदांकडे वळवले. शहरातून गावी जाऊन घर करण्याची ही जी ओढ आहे, तिचा आपल्या समाजातला इतिहास काय? घरासाठी पैसा कुठून आला, ते कुणी राखले, आणि कागदावर ते कुणाचे झाले? या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात, हे मला हळूहळू कळत गेले.

समुद्राची कमाई

कोकणी मुसलमानांचे मुंबईशी नाते जुने आहे. मुंबईची जामा मशीद १७७५ ते १८०२ या काळात उभी राहिली, ती कोकणी मुसलमानांच्या जमातीचीच. नाखवे, जहाजमालक, व्यापारी असा एक सधन वर्ग या शहरात तेव्हापासून होता. पण रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून एकोणिसाव्या शतकात मुंबईला येणारा सर्वसाधारण मुसलमान हा व्यापारी नव्हता. तो खलाशी होता. आजही आपल्या आडनावांत ते काम शिल्लक आहे: सारंग, तांडेल, नाखवा, मुकादम.

गलबतांचे दिवस संपून आगबोटी आल्या, तसा हा खलाशी इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर चढला. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी ठरून गेली होती. डेकवर कोकण आणि गुजरात किनाऱ्याची माणसे, इंजिनखोलीत कोळसा टाकायला पंजाब आणि सरहद्दीकडची, खानपानाच्या कामाला गोव्याची. भरती सारंगाच्या हातून होई. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली पोरे नेई. त्यामुळे एखाद्या गावातून एकदम दहा-वीस जण एकाच बोटीवर असत. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच कमी. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा जवळपास दर चौथा खलाशी हिंदुस्थानातला होता.

हा माणूस मुंबईत राहत होता असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. बोट सुटेपर्यंत तो डोंगरी, माझगाव, नागपाडा या भागांत गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकत असे. खोलीत ट्रंका एकावर एक, दोरीवर कपडे, आणि एकेका खोलीत पंधरा-वीस माणसे. तिथे बायको आणण्याचा प्रश्नच नव्हता. घर म्हणजे गावचे घर. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि मुंबईची कमाई गावाच्या ओटीवर पोहोचू लागली. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला पुढे 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हटले गेले ते यावरूनच.

म्हणजे गावचे घर शेतीतून उभे राहिले, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. घराचे वासे समुद्राच्या आणि शहराच्या पैशातून आले. मात्र त्या वाशांखाली बारा महिने राहिली ती बाई. मनीऑर्डर घेणारी तीच, दुकानदाराची उधारी भागवणारी तीच, लावणीला मजूर बोलावणारी तीच. हे केवळ मुसलमानांत नव्हते. कुणबी, मराठा, महार, भंडारी, साऱ्या कोकणाची हीच कहाणी. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात, हे जनगणना दर वेळी सांगते. २००१ च्या गणनेत १००० पुरुषांमागे ११३६ बायका होत्या. राज्यात बहुतेक ठिकाणी हे प्रमाण उलटे असताना रत्नागिरीचा आकडा चांगला दिसतो खरा; पण त्याचा अर्थ पुरुष गावात नाहीत, इतकाच आहे.

प्लेगचे वर्ष

शहर सोडून गावी जाण्याची पहिली मोठी लाट आली ती सप्टेंबर १८९६ नंतर. मांडवीत प्लेग सापडला आणि शहर हादरले. १८९१ च्या गणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसे शहराबाहेर पडली होती. कोकणात जाणारी आगबोटीने गेली, पडावाने गेली, पायी गेली. सरकारने त्याच फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला. घराघरांत शिरून झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेऊ लागले. मुसलमान मोहल्ल्यांत या झडत्यांविरुद्ध मोठा संताप होता. परदानशीन बाईला परका माणूस तपासणार, हे लोकांना प्लेगाइतकेच भयंकर वाटले.

त्या वेळी गावच्या घराने माणसे वाचवली, हे खरे. गावच्या मोकळ्या हवेत, वेगळ्या वाडीत, शेताच्या मांगरात माणूस राहू शकत होता. पण साथही माणसांबरोबर गावात उतरली. ज्या बायकांनी दाराशी आलेल्या मुंबईकराला ओटीवर पाणी दिले, त्यांनीच पुढे त्याची शुश्रूषाही केली. 'काही झाले तर गाव आहे' हे वाक्य आपल्या मनात कोरले गेले ते बहुधा याच पिढीत. गाव म्हणजे आसरा. पण आसरा देणारे कुणीतरी तिथे थांबलेले असावे लागते. घर बंद असेल तर त्याला आसरा म्हणता येत नाही.

कूळकायदा आणि 'शेतकरी'

आता जमिनीकडे येऊ. कोकणात जमीन म्हटली की खोती आली. खोत सरकारला सारा भरी आणि कुळांकडून त्याहून जास्त वसूल करी. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, तसे मुसलमानही होते. आणि कुळांतही मुसलमान होते. आपल्याकडे खोत आणि सरखोत ही आडनावे आहेत आणि खोताच्या शेतात राबणाऱ्यांचीही घरे आहेत. या पद्धतीविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ पासून संप केला; तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

त्यापाठोपाठ १९४८ चा कूळकायदा आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार झाले. न्यायाची गोष्ट होती. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला जमीन मिळाली. परंतु मुंबईत किंवा बोटीवर असलेल्या, दोन-चार गुंठ्यांची भातखाचरे दुसऱ्याला खंडाने लावून दिलेल्या लहान खातेदाराची जमीनही याच कायद्याने गेली. त्यांत खलाशी कितीतरी होते. बोट ऑस्ट्रेलियाला निघालेली, आणि इकडे तलाठ्याच्या दप्तरात नाव बदललेले.

या कायद्यात एक व्याख्या होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. जमीन 'स्वतः कसणे' म्हणजे केवळ आपल्या हाताने कसणे नव्हे. कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीच्या श्रमाने, किंवा कुटुंबातील कुणाच्या देखरेखीखाली पगारी मजुरांकडून कसणे, हेही 'स्वतः कसणे' धरले जात होते. याचा साधा अर्थ असा की, ज्या घरातली बाई स्वतः चिखलात उतरली, किंवा बांधावर उभी राहून मजुरांकडून लावणी करून घेतली, त्या घरची जमीन टिकली. जिथे जमीन खंडाने दिली गेली, तिथे ती कुळाकडे गेली.

आणखी पुढचे पाहा. याच कायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर बंधन आणले. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही. म्हणून मुंबईतला कारकून असो की दुबईतला वायरमन, त्याला गावी जमीन घ्यायची तर आधी तो शेतकरी असल्याचे दाखवावे लागते. आणि तो शेतकरी कसा ठरतो? बापाच्या, आजाच्या नावे कुठेतरी सात-बारा आहे, म्हणून. तो सात-बारा का उरला? तर आजीने, काकीने, फुफीने शेत पडीक पडू दिले नाही, खंडाने लावले नाही, म्हणून. ज्या बाईच्या श्रमाने घरातला पुरुष कागदावर शेतकरी राहिला, ती मात्र स्वतः त्या कागदावर नाही.

तेलाचा पैसा, चिऱ्याचे घर

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामगारांची मागणी सुरू झाली. कोकणी मुसलमान परदेशाला नवखा नव्हता. केपटाऊनला आपली माणसे एकोणिसाव्या शतकापासून होती, पूर्व आफ्रिकेत होती. पण आखाताने जे केले ते आधी कुणी केले नव्हते. कुवेत, सौदी, बहारीन, दुबई येथून येणाऱ्या पैशाने मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या तालुक्यांतली गावेच बदलली.

जुने घर जांभ्याच्या चिऱ्याचे किंवा मातीच्या भिंतीचे, वर कौले, पुढे पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, मागे परसू. नवे घर स्लॅबचे. गच्ची, लोखंडी ग्रिल, रंगीत टाइल्स, बाहेर मोठे फाटक. गावात शिरताना ही घरे लांबून दिसत. मशिदींनाही नवे मिनार आले, मदरशाला खोल्या आल्या, गावात उर्दू हायस्कूल आले. लोकांनी या बदलाची थट्टाही केली: घर दुबईचे, माणूस दुबईला आणि घरात म्हातारी. थट्टेत तथ्य होते.

हा पैसा कष्टाचा होता, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. उन्हात, कॅम्पात, दोन-दोन वर्षे बायकामुलांचे तोंड न पाहता तो मिळवलेला होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला तेव्हा हा सारा डोलारा किती नाजूक आहे ते एका आठवड्यात कळले. एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांतले कित्येक कोकणात अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. पुन्हा गावच्या घरानेच आसरा दिला, आणि दार उघडणारीही तीच म्हातारी होती.

पण ही घरे कोणाच्या नावाने बांधली गेली ते पाहावे. जमीन वडिलोपार्जित, सामाईक. त्यावर थोरल्याने सौदीच्या पैशाने घर बांधले, धाकट्याने कुवेतच्या पैशाने मजला चढवला, मधल्याने शहरात राहून काहीच दिले नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टी एकाच्या नावे. पुढे वाटणी निघाली की भाऊ भावाच्या विरोधात कोर्टात. बहिणींचा विषय कोर्टापर्यंतही येत नाही. तो आधीच ओटीवर मिटवलेला असतो.

भीतीने घेतलेले घर

त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. त्या दिवसांविषयी या अंकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने दोन्ही दंगलींतील मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मला इथे एवढेच सांगायचे आहे की, त्या दोन महिन्यांनी घर घेण्याचे कारणच बदलले. तोपर्यंत माणूस निवृत्तीसाठी, हवेसाठी, इज्जतीसाठी गावी घर बांधत होता. आता तो भीतीपोटी घर शोधू लागला. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ज्यांना जमले ते एस.टी.ने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने गावी गेले. ज्यांना गाव नव्हते, किंवा गावी आता कुणी उरले नव्हते, ते मुंब्रा-कौसा, मीरा रोडकडे सरकले.

मुंब्रा तेव्हा पारसिकच्या डोंगराखालचे, खाडीकाठचे अर्धे गावच होते. बघता बघता तिथे इमारतींचे जंगल झाले. कोकणी कुटुंबांनी तिथे घर घेताना आणखी एक हिशेब केला होता: शेजारच्या दिव्याहून गाडी पनवेल-रोह्याकडे जाते. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि मुंब्र्यातल्या माणसाला गाव एका रात्रीच्या नव्हे, काही तासांच्या अंतरावर आले. एक पाय शहरात, एक गावात, अशी राहणी शक्य झाली.

मुंबईत जुनी खोली असणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती पागडीची होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले आणि पागडीची पद्धत कायद्याबाहेर राहून चालत गेली. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. पन्नास वर्षे राहूनही हातात काय, तर भाड्याची पावती. मालकीची भूक गावी भागवायची, असा विचार त्यातून आला. खोलीची पागडी द्यायची, मालकाचा हिस्सा त्याला द्यायचा, उरलेल्यात गावी घर बांधायचे. हमीद दलवाईंच्या 'इंधन' या १९६५ च्या कादंबरीत मुंबईहून अनेक वर्षांनी गावी आलेल्या तरुणाच्या नजरेतून गाव दिसते. गाव आपल्यासाठी जसेच्या तसे थांबलेले नसते, तिथेही हेवेदावे असतात, जातिधर्माच्या भिंती असतात, हे ती कादंबरी वाचणाऱ्याला १९९३ नंतर पुन्हा नव्याने कळले असेल. गावी जाणे म्हणजे भीती संपणे नव्हे. पण गावात आपल्याला नावानिशी ओळखणारा शेजारी असतो, तो कुणबी असो की भंडारी, आणि तो आपल्या आजीला 'भाभी' म्हणत आलेला असतो. ही ओळखही घरात थांबलेल्या बायकांनीच जपली. पुरुष तर वर्षातून पंधरा दिवसांचे पाहुणे.

टाळेबंदी आणि वादळ

२०२० च्या मार्चमध्ये इतिहासाने एक पान पुन्हा उलटले. प्लेगच्या वेळी केलेला १८९७ चा तोच साथरोग कायदा महाराष्ट्र शासनाने कोरोनासाठी लागू केला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत माणसे कोंडली गेली. पुढच्या दोन महिन्यांत कोकणच्या रस्त्याने पायी निघालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. या वेळी गाव पूर्वीसारखे उघडे नव्हते. काही गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. मुंबईकराला आधी शाळेत चौदा दिवस. ज्यांनी बंगले बांधून वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवले होते, त्यांची कुलपे गंजून उघडेनात. ज्यांच्या घरी एखादी म्हातारी, एखादी भावजय राहत होती, त्यांना चूल पेटलेली मिळाली.

आणि लगेच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव या भागांत पत्रे उडाले, कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे झाड लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत सहा-सात वर्षे लागतात. वादळानंतर पंचनामे झाले. पंचनामा होताना सरकारी माणूस विचारतो, घर कुणाच्या नावावर? बाग कुणाच्या नावावर? घरात उभी असलेली बाई सांगते, "माझ्या दिराच्या. तो मस्कतला आहे." भरपाई खातेदाराच्या नावाने. पावसाच्या तोंडावर छप्पर उडालेल्या घरात राहणार मात्र ती.

फुफीच्या प्रश्नाचा अर्थ इथे स्पष्ट होतो. घर कुणाच्या नावावर आहे, हा केवळ मालमत्तेचा प्रश्न नाही. संकट आले की सरकार कुणाशी बोलणार, कर्ज कुणाला मिळणार, कुणाला बाहेर काढता येणार आणि कुणाला नाही, हे सारे त्या एका ओळीवर ठरते.

नाव कोणाचे

आपण अभिमानाने सांगतो की, इस्लामने बाईला वारसाहक्क चौदाशे वर्षांपूर्वी दिला. सांगावेच. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा हिस्सा आहे. मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारून मुसलमानांना शरियत लागू केली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा विषय वगळलेला आहे. जमीनदारांच्या हितासाठी ठेवलेली ही फट सुशिक्षित घरांतही फारशा कुणाला माहीत नसते.

आपल्याकडे तर या फटीचीही गरज पडली नाही. बाप गेल्यावर वारस नोंदीत मुलींची नावे लागतात आणि पुढच्याच फेरफारात ती जातात, कारण दरम्यान हक्कसोडपत्र झालेले असते. बहीण सही का करते? माहेर तुटू नये म्हणून. ईदला भावाने बोलवावे, बाळंतपणाला चार दिवस येता यावे, नवऱ्याने टाकले तर पडवीत जागा मिळावी, म्हणून. आपल्या हक्काच्या घरात पाहुणी म्हणून येता यावे, यासाठी ती मालकी सोडते. भाऊ वाईट असतात असे नाही. माझे वडील वाईट नव्हते. 'बहिणीचे आम्ही बघू' असेच त्यांना मनापासून वाटत होते, आणि त्यांनी पाहिलेही. पण त्यांच्यानंतर कोण बघणार, याची तजवीज कागदावर नव्हती. शरियतने हिस्सा बंधुभावावर सोडलेला नाही, तो अपूर्णांकात सांगितला आहे, यामागे काही शहाणपण आहे की नाही?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली. नवऱ्यांनी आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करावी, असे आवाहन होते आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ते पाळले गेले. नाव लक्ष्मीचे असले तरी काम फातिमाच्याही उपयोगाचे होते. आपल्या जमातींच्या बैठकांत त्यावर चर्चा झाल्याचे मात्र माझ्या कानावर आले नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. त्यानंतर काही जण ती वाचवण्यासाठी बायकोचे नाव घालू लागले. हरकत नाही. ज्या कारणाने का होईना, नाव लागले तर उत्तम.

आज पुन्हा गावी घर घेण्याची लाट आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून रायगडच्या जमिनींकडे साऱ्या मुंबईची नजर वळली आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो, कुणाला पैसा मिळतो, कुणाची मुले परदेशी स्थिरावतात. गावी जावे, आपल्या मातीत राहावे, शेवटी गावच्या कब्रस्तानात आजोबांच्या शेजारी जागा मिळावी, ही इच्छा चांगली आहे. तिला मी विरोध करणार नाही. ती माझीही आहे.

पण सव्वाशे वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. शहराने हाकलले, समुद्राने बुडवले, तेलाने फसवले, दंगलीने भेडसावले, साथीने कोंडले; दर वेळी आपण गावी गेलो आणि दर वेळी दार आतून उघडले गेले. ते आतून उघडणारे माणूस आपल्या घराच्या कागदावर नाही. नवे घर घेताना, जुने वाटून घेताना, निदान ही चूक तरी आपण पुन्हा करू नये. खरेदीखतात बायकोचे नाव असू द्या. वारस नोंद करताना बहिणीला हक्कसोडपत्रापर्यंत न्यायच्या आधी तिचा हिस्सा किती होतो, ते तिला नीट सांगा. मग तिने सोडला तर तो तिचा निर्णय.

त्या ईदनंतर आमच्याकडे बरेच बोलणे झाले, थोडी कटुताही आली. फुफीने एकदा सोडलेला हक्क कायद्याने परत येण्यासारखा नव्हता. अखेर वडिलांनी आणि चाचांनी मिळून, घर आणि त्याखालची जागा एवढ्यापुरते, तिच्या नावे बक्षीसपत्र केले. निबंधकाच्या कचेरीत नोंदणीच्या दिवशी कारकुनाने सवयीने शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला. अंगठा तर द्यावा लागणारच होता. तिने तो दिला, पदराने बोट पुसले, आणि म्हणाली, "आता पेनही द्या. मला सही येते."